आडनावाखालची चार कार्डं

बाई आत आल्या आणि बसण्याआधी त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला टेकवली.

भाऊजींना ते मुळीच आवडलं नाही. तीस वर्षं त्यांनी दातांचा दवाखाना चालवला होता. समोरचा माणूस नेमक्या उजेडात बसला नाही तर त्यांना चैन पडत नसे. गुप्तहेरीची ही कचेरी खरं तर त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गेला, पण वहिनींनी पाटी उतरवली नाही. भाऊजी दवाखाना बंद करून वहिनींच्या मदतीला येऊ लागले. मदत म्हणजे बहुतेक वेळा चहा सांगायचा आणि येणाऱ्या प्रत्येक संशयितावर ठाम विश्वास ठेवायचा.

"असू दे भिंतीजवळ," वहिनी म्हणाल्या. "सांगा, क्रमाने सांगा."

बाईंची पन्नाशी जवळ आली होती. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"मी कोशकार आहे. इंग्रजी शब्दकोशाची. आमच्या कोशाची नवी आवृत्ती निघतेय. शेवटचा खंड परवा, शुक्रवारी पाच वाजता छपाईला जाणार. आणि शुक्रवारी माझं काहीतरी होणार आहे."

"काय होणार आहे?"

बाईंनी पिशवीतून चार जाड कार्डं काढून टेबलावर मांडली. पोस्टकार्डाएवढी. प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात एकच शब्द, त्याखाली टाइप केलेलं एक इंग्रजी वाक्य आणि तारीख.

वहिनी म्हणाल्या, "हा शब्द म्हणजे आडनाव आहे ना?"

"हो. त्या कादंबरीकाराचं. अकरा कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी, सगळ्या भीतीच्या. भूत नाही, खून नाही. नेहमीचं घर, नेहमीची भांडी, तरी वाचणाऱ्याच्या अंगावर काटा. शेवटी लोक त्यांच्या आडनावाचाच शब्द करून बोलायला लागले. एखादी खोली, एखादी शांतता तशी वाटली की ते आडनाव विशेषणासारखं लावायचं."

"मला माहीत आहे की!" भाऊजी उत्साहाने म्हणाले. "माझ्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीला एक पोरगी तो शब्द म्हणाली होती. मी स्तुती समजून घरी सांगत सुटलो होतो."

कोणी हसलं नाही.

"आमची रीत अशी," बाई पुढे म्हणाल्या. "एखादा शब्द छापून आलेला दिसला की ते वाक्य कार्डावर उतरवायचं आणि त्या शब्दाच्या खणात तारखेच्या क्रमाने ठेवायचं. कार्डं पाहून मग अर्थ लिहायचा. गेल्या मंगळवारी सकाळी मी या शब्दाचा खण उघडला, तर शेवटी एक नवं कार्ड होतं. ते माझ्याबद्दल होतं. त्यानंतर आणखी तीन आली."

वहिनींनी पहिलं कार्ड मोठ्याने, मराठीत करून वाचलं. "घरी आल्यावर तिने लाल छत्री दारामागच्या खिळ्याला अडकवली."

दुसरं होतं, "तिने दूध डाव्या शेगडीवर ठेवलं, उजवी पेटत नाही."

तिसरं होतं, "वाचताना ती पाठ भिंतीला लावून बसते, म्हणजे मागे कुणी खुर्ची ओढून बसणार नाही."

चौथ्या कार्डावरची तारीख परवाची होती. वहिनींनी ते जरा हळू वाचलं. "शुक्रवारी तिने कडी दोनदा तपासली, पण तो आधीच आत होता."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही कडी दोनदा तपासता?" वहिनींनी विचारलं.

"लहानपणापासून." बाईंनी पिशवी पुन्हा पोटाशी घेतली. "हे कुणालाही माहीत नाही. मी एकटी राहते. कचेरीतलं कुणी माझ्या घरी आजवर आलेलं नाही. पोलिसांकडे गेले, तर ते म्हणाले, बाई, ही तर वाक्यं आहेत, यात धमकी कुठे आहे? मी आठ दिवस झोपलेली नाही. कुणीतरी माझ्या घरात येतंय आणि मला बघत बसतंय."

*

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडल्यावर बाई उंबऱ्यातच थांबल्या आणि आत कान देऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे वहिनी आणि वहिनींच्या मागे भाऊजी. सगळ्यात मागे राहण्याची ही वेळ आपल्यावर आपोआप आली, असं भाऊजींनी स्वतःला समजावलं.

बोळात पाऊल टाकताच त्यांची नडगी एका लाकडी शिडीवर आपटली.

"लागलं का हो? मामा गेल्यापासून ती तिथेच पडून आहे," बाई म्हणाल्या. "काढायला होत नाही."

तेवढ्यात आत न्हाणीघरात काहीतरी धपकन पडलं. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी वहिनींचा दंड गच्च धरला. वहिनी सरळ चालत गेल्या, दार ढकललं आणि साबणाची वडी हातात घेऊन परत आल्या.

"ही होती," त्या म्हणाल्या. "आता बसा."

वहिनींनी घर पाहिलं. दारामागच्या खिळ्याला एक काळी छत्री होती.

"दुसरी छत्री?"

"नाही. दहा वर्षं हीच."

"कार्डावर लाल आहे."

"लिहिणारा चुकला असेल," बाई घाईने म्हणाल्या.

"अंधारात काय कळतंय, काळी आणि लाल," भाऊजींनीही हातभार लावला.

स्वयंपाकघरात वहिनींनी शेगड्या पेटवून पाहिल्या. दोन्ही झटकन पेटल्या.

"उजवी दोन महिन्यांपूर्वी दुरुस्त केली," बाई म्हणाल्या. "त्याआधी मात्र खरंच पेटत नव्हती! बघा, त्याला तेही माहीत होतं."

बाहेरच्या खोलीत वाचायची खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवली होती. वहिनी खिडकीपाशी वाकल्या. फरशीवर चार पायांचे चार फिकट ठसे होते.

"खुर्ची पूर्वी इथे असायची?"

"हो, खिडकीकडे तोंड करून. पाठीशी दार. ते तिसरं कार्ड वाचलं आणि मला तिथे बसवेना."

"म्हणजे कार्ड आलं तेव्हा तुम्ही भिंतीला पाठ लावून बसत नव्हता?"

"नव्हते." बाईंनी कपाळ चोळलं. "पण आता बसते ना! त्याला पुढचंही कळतं."

भाऊजींनी दाराकडे पाहिलं. वहिनी मात्र एखाद्या गृहिणीला हरवलेला डबा सापडावा तशा समाधानाने उठल्या. भाऊजींना त्यांचा हा चेहरा माहीत होता, आणि त्याचा अर्थ आपल्याला शेवटपर्यंत कळणार नाही हेही माहीत होतं.

"परवा छपाईला जाणाऱ्या खंडात हा शब्द आहे?" वहिनींनी विचारलं.

"आहे. आणि भांडण त्याचंच आहे." बाईंनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं वार्षिक काढलं. "एका शाळेचं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं. रद्दीत मिळालं. यात 'माझं घर' नावाचा निबंध आहे. लिहिणाऱ्या मुलीचं नाव नाही, इयत्ता नाही, वरचा भाग फाटलाय. त्यातलं हे वाक्य बघा."

वहिनींनी वाचलं. आज आमच्या घरी पुन्हा 'तसं' आहे, म्हणून मी मोजे घालून चालते. 'तसं'च्या जागी ते आडनाव होतं.

"त्यांची पहिली कादंबरी याच्यानंतर चार वर्षांनी आली," बाई म्हणाल्या. "म्हणजे हा शब्द कादंबऱ्यांवरून झालाच नाही. त्याच्या आधीपासून कुणीतरी तो वापरत होतं. मी तो कोशात सगळ्यात जुना दाखला म्हणून घातलाय. प्रूफं गेल्या सोमवारी निघाली."

"आणि मंगळवारी पहिलं कार्ड आलं."

बाईंनी मान डोलावली.

*

त्या संध्याकाळी भाऊजींनी स्वतःच्या घराची कडी दोनदा तपासली. मग पलंगाखाली बॅटरी मारून पाहिली. सकाळी ही गोष्ट वहिनींना सांगायची नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"तुम्हीही पाहिलंत ना पलंगाखाली?" कोशाच्या कचेरीचा जिना चढताना वहिनींनी विचारलं.

"छे!"

"वाक्य एकदा वाचलं की ते घरात येतं, भाऊजी. त्याला दार लागत नाही."

कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण. कशालाच कुलूप नव्हतं. मध्ये चार टेबलं, एक जुना टाइपरायटर आणि दाराशी पाहुण्यांच्या सह्यांची वही.

थोरले संपादक त्यांना हसतमुखाने भेटले. टक्कल चकचकीत, गळ्यात रंगीत रुमाल.

"आमच्या बाई हुशार आहेत हो," ते म्हणाले. "पण स्वभाव जरा काळजीचा. तो शाळेच्या वार्षिकातला दाखला मला पटत नाही. एवढ्या मोठ्या लेखकाच्या शब्दाचं मूळ म्हणून एका शाळकरी पोरीचं वाक्य? मी त्यांना म्हटलं, वगळा. त्या ऐकत नाहीत. पुराव्यावर बोट ठेवलं की माझंही काही चालत नाही."

"मग कार्डं तुम्ही ठेवलीत का?" वहिनींनी साखर मागावी तसं विचारलं.

संपादकांचं हसू मावळलं. "मी? मला वगळायचंच असतं तर लाल पेन्सिल आहे की माझ्याकडे. घाबरवायचं कशाला?"

टेबलावर प्रूफांचा गठ्ठा होता. भाऊजींनी सहज वरचं पान उचललं. 'शिडी'च्या इंग्रजी शब्दाखाली अर्थ होता आणि अर्थाखाली उदाहरणाचं वाक्य. मामा वारल्यापासून शिडी बोळात पडून आहे.

"काय वाक्यं असतात!" भाऊजी म्हणाले. "कादंबरीपेक्षा रंगतदार. कोण लिहितं ही?"

"बाईच. कच्चा मसुदा त्यांचा, रोज घरी बसून लिहितात, दोन वर्षं झाली," संपादक म्हणाले. "सगळी उदास! काळं मांजर, काळा कोट, काळी छत्री. वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो. मी शेवटचा हात फिरवताना थोडे रंग भरतो. कुठे पिवळं, कुठे लाल. अर्थाला धक्का लागत नाही."

"चांगलं करता," वहिनी म्हणाल्या आणि गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला.

इतक्यात दारात आरडाओरडा झाला. कादंबरीकारांचा पुतण्या आला होता. काकांचं घर आता संग्रहालय झालं होतं आणि त्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. गृहस्थ पंचेचाळिशीचा, नाकावर माशी बसू न देणारा.

"लहान अक्षरात!" तो ओरडला. "आमच्या काकांचं आडनाव लहान अक्षरात छापणार आहात तुम्ही!"

"शब्द रुळला की इंग्रजीत पहिलं अक्षर लहानच लागतं," संपादक केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"आमचं आडनाव रुळलेलं नाही!"

वहिनींनी त्याला बाजूला घेतलं. त्याला ना कार्डं ठाऊक होती, ना वार्षिकातला दाखला. वहीतल्या सह्यांप्रमाणे तो महिन्याभरात आजच आला होता.

"तुमच्या काकांच्या घरात कोण कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"काका, काकू आणि एक मुलगी. ती अठराव्या वर्षी घर सोडून गेली. लग्नबिग्न केलं म्हणतात, पण पुन्हा आली नाही. काकांच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. अकरा वर्षं झाली त्याला. मी फार लहान होतो, चेहराही आठवत नाही. एवढंच आठवतं की ती मांजरासारखी चालायची. मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही."

"काका कसे होते?"

पुतण्या पहिल्यांदाच अडखळला. "शांत होते," तो म्हणाला. "फार शांत. आम्ही पोरं त्यांच्या घरी खेळत नसू."

तो गेल्यावर भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "हाच तो. माझी खात्री आहे. जबडा बघितलात? असे लोक झोपेत दात खातात."

"दात राहू देत, प्रूफं बघायची आहेत का?" मागून कुणीतरी विचारलं.

भाऊजी जागच्या जागी उडाले. त्यांच्या मागे साठीला टेकलेली एक सडपातळ बाई उभी होती. कधी आली, कुठून आली, काही कळलं नव्हतं. हातात कागद होते.

"मी इथली प्रूफं वाचते," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली. या, माझ्या टेबलापाशी."

कचेरीत सगळे तिला प्रूफवाल्या बाई म्हणत. त्यांचं टेबल खोलीच्या पार टोकाच्या कोपऱ्यात होतं. तिथे उजेड इतका कमी की भर दुपारी दिवा लावावा लागे. खिडकीखाली चांगली जागा मोकळी असताना ही बाई कोपऱ्यात तिरकी का बसते, हे भाऊजींच्या डोक्यावरून गेलं. दवाखान्यात त्यांनी असा उजेड खपवून घेतला नसता.

"मूळ मसुद्याशी ताडून बघायचं म्हणजे डोळ्यांना त्रासच," भाऊजी सहानुभूतीने म्हणाले.

"मूळ कागद मला दाखवतच नाहीत. इथली रीतच आहे ती. शेवटचं प्रूफ कोऱ्या डोळ्यांनी वाचायचं. मसुदा आधी पाहिला की डोळा तेच पाहतो, समोरची चूक सुटते."

वहिनींनी विचारलं, "त्या शब्दाचं पान तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"बाईंनी घातलेला जुना दाखला योग्य वाटतो तुम्हाला?"

प्रूफवाल्या बाईंनी कागदांच्या कडा एकसारख्या केल्या. मग पुन्हा केल्या.

"सातवीतल्या पोरीचं वाक्य," त्या म्हणाल्या. "पोरी काहीही लिहितात. त्याला धरून बसू नये. काढून टाकलं तर सगळ्यांनाच बरं."

"आणि त्या शब्दाचा अर्थ? तुम्ही कसा सांगाल?"

दिव्याखाली त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"कोशात लिहिलाय," त्या म्हणाल्या. "मी अर्थ लिहीत नाही. मी फक्त चुका काढते."

*

शुक्रवारी तीन वाजता वहिनींनी सगळ्यांना कार्डांच्या खोलीत बोलावलं. पुतण्याला बोलावलं नव्हतं. भाऊजींच्या मते तेच चुकलं होतं. कोशकार बाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. आजचीच तारीख होती. त्या दर मिनिटाला दाराकडे पाहत होत्या.

"बाई, आधी तुमची भीती घालवते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या घरात कुणीही आलेलं नाही. एकदाही नाही."

"पण कार्डं..."

"कार्डं चुकीची आहेत, आणि हेच तुमच्या लक्षात आलं नाही. छत्री लाल लिहिलीय, ती काळी आहे. उजवी शेगडी पेटत नाही असं लिहिलंय, ती दोन महिने पेटतेय. घरात डोकावणाऱ्याला दारामागची छत्री दिसली नसती? माणूस घाबरला की तपासत नाही. जे चुकलं ते तुम्ही स्वतःच दुरुस्त करून देत होता. भाऊजींनीसुद्धा तुम्हाला मदत केली."

भाऊजींनी छताकडे पाहिलं.

"मग त्याला कळलं कसं?" कोशकार बाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत. भाऊजी, बोळातल्या शिडीवर तुमची नडगी आपटली आणि दुसऱ्या दिवशी तीच शिडी तुम्ही प्रूफात वाचलीत. वाचून हसलात!" वहिनींनी गठ्ठ्यातली खुणा केलेली पानं पुढे केली. "बाई रोज घरी बसून शब्दांची उदाहरणं लिहितात. वाक्यात घालायला वस्तू कुठून आणायच्या? आजूबाजूला बघायचं. 'डावा' या शब्दाखाली दूध डाव्या शेगडीवर आहे, 'दोनदा' या शब्दाखाली कडी दोनदा तपासलीय. दोन वर्षांत यांनी आपलं सगळं घर शब्दकोशात लिहून ठेवलं. यांना त्याचा पत्ता नाही. पण कुणी ते ओळीने वाचलं, तर खिळा न् खिळा पाठ होईल."

कोशकार बाईंनी पानं उलटली.

"म्हणजे प्रूफं वाचणारा," थोरले संपादक हळूच म्हणाले.

"शेवटचं प्रूफ वाचणारा. हे बघा, 'छत्री'चं पान. मसुद्यात काळी आहे, शेवटच्या प्रूफात लाल. तुम्ही रंग भरलात. तुम्ही कार्ड लिहिलं असतं तर खरा रंग लिहिला असता, कारण लाल रंग तुमच्याच डोक्यातून आलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. लाल छत्री खरी मानणारा माणूस एकच. ज्याला मसुदा कधी दाखवत नाहीत, तो."

कुणीही कोपऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"राहिलं तिसरं कार्ड," वहिनींचा आवाज आता मऊ झाला होता. "भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागे कुणी खुर्ची ओढणार नाही. हे वाक्य मी सगळ्या गठ्ठ्यात शोधलं. कुठेच नाही. बाई तर दाराकडे पाठ करून वाचायच्या. मग ही सवय कुणाची? या खोलीत चांगली खिडकी सोडून पंचवीस वर्षं कोपऱ्यात कोण बसतं? भाऊजींच्या मागे पाऊल न वाजवता कोण येतं? वार्षिकात लिहिणारीचं नाव नाही, इयत्ता नाही. ती मुलगी सातवीत होती हे सांगणारं एकच माणूस मला भेटलं."

प्रूफवाल्या बाई बसून होत्या. मांडीवर हात, पाठ ताठ.

"कादंबरीकारांना एक मुलगी होती," वहिनी म्हणाल्या. "ती मोजे घालून चालायची."

भाऊजींना वाटलं, आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"तो शब्द आईचा," त्या म्हणाल्या. "वडील कोणत्या मनःस्थितीत घरी येतायत ते आई खिडकीतून बघूनच मला सांगायची. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून आमचं आडनावच उच्चारायची. आज ते आहे, एवढंच. मग मी मोजे चढवायची. ते कधी हात उगारायचे नाहीत. कुणाला सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. मी निबंधात लिहिलं आणि शाळेने छापलं."

"आणि त्यांनी वाचलं," वहिनी म्हणाल्या.

"महिनाभर. रोज संध्याकाळी. मी अभ्यासाला बसले की माझ्या मागे खुर्ची ओढून बसायचे आणि तो निबंध वाचून दाखवायचे. अगदी हळू आवाजात. मी घाबरले की थांबून वहीत काहीतरी टिपून घ्यायचे." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "पुढे ते सगळं पुस्तकात आलं. लोक म्हणतात, काय कल्पनाशक्ती! कल्पना कसली? आम्हाला बघून लिहिलंय."

"तुम्ही मला येऊन सांगायचं होतंत!" कोशकार बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मी वगळलं असतं तो दाखला! दहा रात्री मी दिवा लावून बसलेय. मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

"काही नाही," प्रूफवाल्या बाई म्हणाल्या. "सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. घाबरवायला काही सांगावं लागत नाही. मला एवढी एकच रीत शिकवलेली आहे. सोमवारी ते पान समोर आलं आणि माझ्या मागे खुर्ची सरकली. मागे भिंत आहे, तरी सरकली. ते जाऊन अकरा वर्षं झाली हो, बाई. ते शेवटचं वाक्य तुमच्याबद्दल नव्हतंच."

पण तो आधीच आत होता. भाऊजींना ते वाक्य आठवलं. दोन दिवस आपण चोर शोधत होतो, याची त्यांना लाज वाटली.

थोरल्या संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पाहिल्याबद्दल ओशाळले. छापखान्याचा माणूस पाचला येणार होता.

कोशकार बाई उभ्याच होत्या. राग अजून त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मग त्यांनी गठ्ठ्यातून त्या शब्दाचं पान काढलं आणि पेन्सिलीसह प्रूफवाल्या बाईंसमोर ठेवलं.

"मी तुम्हाला आज माफ करणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचं माहीत नाही. पण दाखला तुमचा आहे. ठेवायचा की काढायचा, तुम्ही ठरवा. काढलात तर मी कारण विचारणार नाही, आणि या खोलीतलं कुणी बाहेर बोलणार नाही."

प्रूफवाल्या बाईंनी पेन्सिल उचलली. त्यांची नजर ओळीवरून फिरली, पंचवीस वर्षांच्या सवयीने, अक्षर अक्षर करत. वाक्यापुढे कंसात 'लेखिका अज्ञात' असं छापलं होतं. तिथे पेन्सिल थांबली.

त्यांनी 'अज्ञात' खोडलं. समासात खूण केली आणि आपलं नाव लिहिलं. नावापुढे लग्नाआधीचं आडनाव, मोठ्या अक्षराने. त्याच पानावर, त्याच शब्दाखाली, पण या वेळी माणसाचं.

"आणखी एक चूक आहे," त्या पान परत देत म्हणाल्या. "छत्री. काळी करून घ्या."

*

खंड बाहेर पडल्यावर महिन्याभराने कोशकार बाईंनी वहिनींना एक प्रत न्यायला बोलावलं. भाऊजीही गेले. कचेरीत कोशकार बाई नव्हत्या, जेवायला गेल्या होत्या. खोलीत एकच माणूस काम करत होतं.

कोपरा रिकामा होता. प्रूफवाल्या बाईंचं टेबल खिडकीखाली आलं होतं. त्या उजेडाकडे तोंड करून वाचत बसल्या होत्या आणि त्यांची पाठ सताड उघड्या दाराकडे होती.

भाऊजी उंबऱ्यात थांबले. त्या दचकू नयेत म्हणून मोठ्याने खाकरले, बूट आपटले, वहिनींच्या हातातली पिशवी मुद्दाम खाली पाडली.

"या," त्या म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ओळ पुरी केली, पान उलटलं आणि मगच विचारलं, "कोण आलंय?"